हाज्जाचा मुका फोन

हाज्जा : हात धुतलेस का आधी? मग लाव बोट. तेलकट बोटं लावलीस तर याद राख, बुशाइब.

बुशाइब : धुतले, मावशी. दे इकडे.

हाज्जा : देते. पण माझ्या डोळ्यांदेखत उघडायचा. या दर्ब गल्लेफच्या बाजारात फोन एका दारानं आत जातो आणि तुकडे होऊन तीन दारांनी बाहेर पडतो, ठाऊक आहे मला.

रकिया : आई, असं काय बोलतेस? बुशाइब आहे तो. माझ्या भावाचा, मीलूदचा दोस्त. आपल्या घरी जेवून मोठा झालेला.

हाज्जा : म्हणून तर आले. परक्याला शिव्या देता येत नाहीत मनासारख्या.

बुशाइब : दे की मग. वीस वर्षांच्या साठल्या असतील. मीलूद इटलीला गेल्यापासून आज पहिल्यांदा माझ्या टपरीची पायरी चढलीस. बस तरी. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. ही घे. चहा सांगू?

हाज्जा : चहा प्यायला आले नाही. त्याला काय झालंय ते बघ.

बुशाइब : अरे वा, हा! हा अजून जिवंत आहे? मावशी, असले फोन आता लोक हौसेनं कपाटात ठेवतात. बटणांवरचे आकडेसुद्धा पुसलेत. रकिया, नेमकं काय केलंस तू याला?

रकिया : मी कुठं काय केलं? कार्ड झिजलं होतं, सारखं बंद पडायचं. कंपनीतून नवं आणून घातलं. नंबर तोच. तर हा कोड मागायला लागला. पाच आकड्यांचा.

बुशाइब : मग?

रकिया : मग एक-दोन-तीन-चार-पाच दाबून बघितलं. मग पाच शून्यं. मग...

हाज्जा : मग माझं जन्मसाल, पुढं शून्य लावून! ते माझ्या बापाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नाही, आणि या टवळीनं दाबलं.

रकिया : पासपोर्टवर आहे ते, आई.

हाज्जा : पासपोर्टवर कारकुनानं लिहिलंय. त्याला त्या दिवशी जे सुचलं ते. हजला जाताना मी कारकुनानं लिहिलेल्या वयाची होऊन गेले.

बुशाइब : दर वेळी नवा आकडा मारत सुटायचं नसतं गं. हा काही वेळा सहन करतो, मग रुसतो. बघू... हं. आत्ता रुसवा गेलाय, विचारतोय पुन्हा. पण फार चुकवायला नको.

हाज्जा : इतकी वर्षं कधी काही विचारलं नाही यानं. आत्ताच काय झालं?

बुशाइब : मावशी, या फोनाला दोन कुलपं असतात. एक तिकडच्या कंपनीचं. ते मी काढलं होतं. मीलूदनं हा इटलीहून पाठवला तेव्हा रकियाचे बाबा, सी माआती, घेऊन आले होते माझ्याकडे. आणि दुसरं मालकाचं. ओळखीचं कार्ड आत असलं की गप्प असतो. परकं कार्ड घातलं की दार लावून घेतो आणि आतून विचारतो, 'कोण?'

हाज्जा : बरोबर करतो. मीही तेच करते.

रकिया : तू ओळखीच्यालाही तेच करतेस.

हाज्जा : जीभ आवर, रकिया.

रकिया : तुझ्याकडूनच घेतलीय. परत कशी करू?

बुशाइब : कोड सी माआतींना ठाऊक होता, एवढं आठवतंय. इथंच उभं राहून त्यांनी दाबला होता.

हाज्जा : मग तू बघितला असशील.

बुशाइब : गिऱ्हाईक किल्ली फिरवायला लागलं की आपण मान फिरवायची. या गल्लीत बाकी सगळं होतं, मावशी, पण ते होत नाही.

हाज्जा : नको तिथं इमानदार. आणि ज्याला ठाऊक होता त्याची वाचा गेली आधी, मग तो गेला. अल्लाह रहम करो त्याच्यावर. दुसरी काही वाट?

बुशाइब : पूर्वी याच्या पाठीवरच्या नंबरावरून किल्ली काढून देणारा प्रोग्राम होता माझ्याकडे. तो संगणक मेला. मागच्या गल्लीत एकाकडे असेल, पण तो आज लग्नाला गेलाय. उद्या सकाळी...

हाज्जा : उद्या नको. आज. असरच्या आत, तिसऱ्या प्रहरच्या अजानआधी.

बुशाइब : असरला काय आहे?

हाज्जा : वेळ बघायची असते मला.

रकिया : फोनवर? तुझ्या घराची भिंत मशिदीला लागून आहे, आई. अजान झाली की तुझ्या कपाटातली भांडी हलतात!

हाज्जा : अजान त्यांची. घड्याळ माझं.

बुशाइब : मावशी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? काय ते सांग.

रकिया : ती नाही सांगायची. मी सांगते. मीलूदचं उद्या ऑपरेशन आहे. छाती उघडणार आहेत सकाळी. एक झडप निकामी झालीय, दुसरीही थकलीय. विमानात बसायला डॉक्टर दोन वर्षं नको म्हणतायत. काल माझ्याशी बोलला. म्हणाला, रकिया, बाकी काही नको, आत जायच्या आधी एकदा आईचा आवाज ऐकव. यासाठी मी हा नवा फोन आणला, बघ, केवढा पडदा आहे! समोर बसल्यासारखा दिसेल तो. आणि ही म्हणते, नाही. मला आधी तो डबा दुरुस्त करून दे.

बुशाइब : या अल्लाह. मला कुणी काही बोललं नाही. उद्या?

रकिया : उद्या. आणि हिची शपथ आडवी आलीय. वीस वर्षांपूर्वीची.

बुशाइब : ती शपथ माझ्या कानांनी ऐकलीय. ईदची सकाळ. मेंढा खुंट्याला बांधलेला, सुरीला धार लावलेली...

हाज्जा : आणि ज्यानं मेंढा धरायचा तो गायब. आईला न सांगता. दर्यात. कोळ्याच्या होडीत, चोरून पलीकडे जायला. तीन दिवस मेलाय की जगलाय याचा पत्ता नाही. मेंढा शेजाऱ्यानं धरला. मी ते मटण तोंडात घातलं नाही. भाकरीवर हात ठेवून बोलले मी, सगळ्या गल्लीसमोर. तो माझ्या उंबऱ्यावर येऊन उभा राहीपर्यंत माझी जीभ त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही.

बुशाइब : आणि घेतलं नाहीस. 'तो' म्हणतेस, 'तुझा भाऊ' म्हणतेस.

हाज्जा : शपथ म्हणजे शपथ.

रकिया : मशिदीतल्या फकीहांना विचारलं मी. दहा गरिबांना जेवू घाला म्हणाले, शपथ सुटते. कायद्यानं सुटते, आई!

हाज्जा : माझी शपथ म्हणजे फाटका मोजा आहे का, ठिगळ लावून पुन्हा घालायला?

रकिया : सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. उद्या त्याला काही झालं तर? बघ निदान एकदा त्याचा चेहरा. बोलू नकोस. नुसतं बघ.

हाज्जा : ते नको.

रकिया : का नको?

हाज्जा : चेहरा दिसला की ओठ हलतात. तुला लेकरं आहेत, तुला कळायला हवं. बुशाइब, तू हातात घेऊन काय बसलास? तूच त्याच्या डोक्यात तिकडचं भरलंस. तूच उघड आता.

बुशाइब : मी नाही भरलं, मावशी. या फोनांनी भरलं. तिकडून चोरूनमारून आलेला फोन पेटवला की पडद्यावर तिकडच्या कंपनीचं नाव यायचं. मीलूद माझ्या शेजारी याच फळीवर बसायचा. म्हणायचा, बुशाइब, बघ, या बिचाऱ्याला अजून वाटतंय आपण तिकडेच आहोत. कुलूप काढताना फोनाची समजूत घालायचा, चल बाबा, आता हेच तुझं घर. आम्ही हसायचो. हात फार हलका होता त्याचा... थांब. थांब, थांब.

हाज्जा : काय झालं?

बुशाइब : कोड मीलूदनंच घातला असणार. पाठवायच्या आधी. आणि मीलूद कोड कसा घालायचा ते मला ठाऊक आहे! आमच्याकडे आया यायच्या, मावशी, तुझ्यासारख्या, न शिकलेल्या. त्यांना पाच आकडे सांगितले तर दारापर्यंत जाईतो विसरायच्या. मग त्यानं युक्ती काढली. कोड पाच आकड्यांचा आणि नमाजही पाच, प्रत्येकीच्या फेऱ्या ठरलेल्या. पहाटेच्या रकाती दोन, दुपारच्या चार, असरच्या चार, संध्याकाळच्या तीन, रात्रीच्या चार. हे कुठली आई विसरेल? अर्ध्या कासाब्लांकाच्या म्हाताऱ्यांचा कोड तोच होता!

रकिया : अगं बाई. हे मला कसं सुचलं नाही?

हाज्जा : नमाज पढलीस तर सुचेल. दाब रे.

बुशाइब : बिस्मिल्ला. दोन, चार, चार, तीन, चार... नाही.

रकिया : नाही म्हणजे?

बुशाइब : चूक म्हणतोय. मी शपथेवर सांगतो, त्याचाच होता हा... परत दाबला आणि चुकला तर हा रुसून बसेल. असर टळून जाईल, मावशी. संगणकवाला उद्या येईल, मी स्वतः पहाटे त्याच्या दारात...

हाज्जा : गप्प बस जरा.

रकिया : आई, नवा फोन घे. ऐक माझं.

हाज्जा : तूही गप्प. बुशाइब, हा कोड त्यानं घातला तेव्हा तो कुठं होता?

बुशाइब : इटलीत. सांगितलं ना.

हाज्जा : घरी होता?

बुशाइब : घरी कसा असेल? कुठल्याशा गोदामात झोपायचा तेव्हा.

हाज्जा : मग चार कशाला दाबतोस, उंटावरच्या शहाण्या? वाटेवरचा माणूस चार पढतो का? प्रवाशाला दुपारची निम्मी, असरची निम्मी, रात्रीची निम्मी. संध्याकाळची तेवढी आहे तशी. सरक बाजूला. बटणं मला दे. दोन... दोन... दोन... तीन... आणि दोन.

रकिया : उघडला! आई, उघडला!

बुशाइब : दोन, दोन, दोन, तीन, दोन. दाबायच्या आधी सी माआती बोटं मोजत होते, आणि मला वाटलं म्हातारा गोंधळला. पण मावशी, एक सांगू? फकीह तर म्हणतात, परगावी चार दिवसांच्यावर राहायचं ठरवलं की माणूस प्रवासी उरत नाही. पूर्ण पढावी लागते. तो तर तिथं वर्ष काढून बसला होता तेव्हा.

हाज्जा : 'ठरवलं की' म्हणालास ना?

बुशाइब : हो.

हाज्जा : मग त्यानं ठरवलं नसेल.

रकिया : आई... पाणी देऊ?

हाज्जा : कशाला? धूळ आहे इथं. डोळ्यांत जाते. फडका मार कधीतरी, बुशाइब. तुझी बायको काही बोलत नाही का तुला?

बुशाइब : तिनं सोडून दिलंय बोलणं. आता जरा थांबू, रेंज यायला वेळ लागेल. जुना आहे, उठताना सांधे धरतात.

रकिया : उघडला ते झालं, पण करणार काय तू याचं? याच्यावर तू बोलतच नाहीस. देऊन टाक बुशाइबला, हौशी माणसं घेतील.

हाज्जा : घेतील, न घ्यायला काय झालं? नवा कोरा आहे. माझ्या तोंडचा एक शब्द यातून गेलेला नाही आजवर.

बुशाइब : हे बघ, मावशी, जुना फोन विकायला येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. म्हातारी आई वापरायची, फक्त वेळ बघायला. म्हणून आम्ही माणसाला विचारत नाही, फोनाला विचारतो. याच्या पोटात एक चोरकप्पा असतो. हा जन्मला कधी, आणि आयुष्यात बोलला किती, सगळं आत लिहिलेलं. मालकाला पुसता येत नाही.

हाज्जा : मग विचार की! खुशाल विचार. या पोरीलाही दिसू दे. वीस वर्षांची शपथ आहे, एक शब्द सापडला तर माझं नाव बदला.

बुशाइब : ठीक. स्टार, हॅश, नऊ, दोन, सात, शून्य, दोन, सहा, आठ, नऊ, हॅश. हं. हा त्याच्या जन्माचा महिना... आणि हे...

रकिया : काय?

बुशाइब : काही नाही. बिघडलाय बहुतेक.

रकिया : दाखव इकडे. तीनशेच्या वर... हे काय, मिनिटं?

बुशाइब : तास.

रकिया : तीनशे तास! आई?

हाज्जा : खोटारडा आहे तो. डबा मेला. पाण्यात पडला होता एकदा.

रकिया : कोण बोललं याच्यावर तीनशे तास?

हाज्जा : तुझा बाप.

रकिया : बाबा? पक्षाघातानंतर त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं!

हाज्जा : म्हणूनच तर! त्याला बोलता येत नव्हतं, ऐकता येत होतं ना? असरनंतर हा वाजायचा. मी बटण दाबून तुझ्या बापाच्या कानाला धरायची. त्याचा हात उचलत नव्हता, मग कुणी धरायचा? शेजाऱ्यानं? आणि हा मेला बोलतो केवढ्यानं! खोलीभर ऐकू यायचं. माझे कान काय मी कापून ठेवू?

बुशाइब : नको, नको.

हाज्जा : तुझा भाऊ तिकडे बर्फ पडलं म्हणायचा. भाकरी गोड लागते म्हणायचा. तिथं राहायचे कागद मिळाले तेव्हा रडला. दर वर्षी म्हणायचा, बाबा, या उन्हाळ्यात येतो.

रकिया : पण बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आई.

हाज्जा : तुझा बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी हा वाजला. कुणीतरी उचलायला नको? वाजतच राहिला. घरात सुतक, आणि हा वाजतोय. उचलला. कानाला लावला. लावायला दुसरा कान नव्हता, म्हणून माझ्या.

रकिया : आणि काही बोलली नाहीस?

हाज्जा : एक अक्षर नाही. मी शपथ जिभेची घेतली होती. कानाची नाही.

बुशाइब : मग त्याला कसं कळायचं, या टोकाला कोण आहे?

हाज्जा : मी साखरेची ढेप फोडत बसले होते चहासाठी. हातात ती पितळी हातोडी. त्यानं विचारलं, आई, तूच आहेस का? तेवढ्यात एक ठोका पडला.

रकिया : आपोआप पडला.

हाज्जा : आपोआप पडला! मग त्यानं विचारलं, अजून रागावलीयस? दोन पडले.

बुशाइब : एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

हाज्जा : मी काही ठरवलं नव्हतं. त्याचं तो समजला. डोकं आहे त्याला, एवढं मी म्हणेन. मग म्हणायचा, आई, चहा ओत, आवाज ऐकू दे. मी उंचावरून ओतायची. पेल्याला फेस यायचा तो आवाज. पिणार कोण, मी एकटी. पण ओतायची.

रकिया : नऊ वर्षं. आणि मला दोघांनी कळू दिलं नाही.

हाज्जा : तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत हमामातल्या बायकांना कळलं असतं. आणि तू कार्ड बदललंस त्या दिवसापासून हा मुका. तो तिकडे छाती उघडायला निघालाय. त्याला वाटत असेल, म्हातारीनं आता कानही बंद केले.

रकिया : मला काय ठाऊक गं, आई... मला काय ठाऊक...

हाज्जा : रडू नकोस. नाक पूस. बुशाइब, एवढं सांग मला. मी एक शब्द बोलले नाही. मग यानं ते बोलणं म्हणून का लिहिलं?

बुशाइब : हा शब्द मोजत नाही, मावशी. दोन्ही टोकांना माणूस असलं की मोजतो.

हाज्जा : म्हणजे त्याच्या हिशेबानं मी बोलतच होते?

बुशाइब : त्याच्या हिशेबानं, हो.

हाज्जा : हं. आता तो चोरकप्पा लाव. असर झालीच.

बुशाइब : यातून बाहेर पडायला फोन एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. घाबरू नकोस. झाला... पेटतोय.

रकिया : पुन्हा कोड मागेल?

बुशाइब : नाही. एकदा ओळख पटली की मग नाही विचारत. आली बघ रेंज. दोन काड्या.

हाज्जा : रकिया.

रकिया : काय?

हाज्जा : उद्या शुक्रवार. कुसकुस मोठ्या भांड्यात लाव. सात भाज्या, आणि मटण हात आखडून घालू नकोस. माझ्या चुलीवर करायचा, तुझ्या नाही. तुझा चिकट होतो.

रकिया : किती माणसांचा?

हाज्जा : दहा. आणि गरीब बघून आण, आळशी नकोत. तुझ्या नवऱ्याचे भाऊ मोजू नकोस त्यात.

रकिया : आई! म्हणजे तू...

हाज्जा : म्हणजे कुसकुस. जास्त अर्थ काढू नकोस.

(असरची अजान सुरू होते, आणि ती संपता संपता फळीवरचा जुना फोन वाजतो.)

बुशाइब : उचल, मावशी.

हाज्जा : हातोडी घरी राहिली.

बुशाइब : हा पेला घे, हा स्क्रू-ड्रायव्हर. ठोक. रकिया, चल, आपण बाहेर उभे राहू.

हाज्जा : कुठंही जायचं नाही. बसा इथंच. आणि तो पेला ठेव खाली... मीलूद. मीच आहे. असर पढलास का?... नाही ना अजून? मग दोनच पढ. वाटेवर आहेस तू.